गरवायला जाताना: छोटी साधने, त्यांच्या जागा आणि त्यांचा क्रम

खाडीकाठी किंवा खडपावर (समुद्रकाठच्या खडकांवर) गळ टाकायला जाणाऱ्या नवख्या माणसाच्या पिशवीत बहुतेक वेळा सगळे सामान असते; ते फक्त लागते तेव्हा सापडत नाही. मासा लागतो त्या क्षणी एका हातात वाकलेली काठी असते, दुसरा हात आमिषाने चिकट झालेला असतो, उजेड गेलेला असतो आणि पक्कड मात्र जेवणाच्या डब्याखाली, टॉवेलाच्या घडीत पडलेली असते. म्हणून कोणती साधने घ्यावीत याइतकेच ती कुठे ठेवावीत आणि कोणत्या क्रमाने हाती घ्यावीत हे येथे सांगितले आहे. प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावावी: ती अंधारात, एका ओल्या हाताने, खाली न बघता काढता येते का? येत नसेल, तर ती घेतली काय आणि घरी राहिली काय, सारखेच.

हे विवेचन रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या किनाऱ्यावर उभे राहून काठीने किंवा हातदोऱ्याने गरवणाऱ्यांसाठी आहे. होडीवरची मासेमारी आणि पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणे यांची तयारी वेगळी असते.

टप्पा १: आदल्या दिवशी पाणी आणि जागा ठरवणे

सामान काढण्याआधी भरतीची वेळ काढावी, कारण कोणत्या जागी उभे राहायचे आणि परत कधी फिरायचे हे त्यावर ठरते आणि त्यावरच पिशवीचे वजन ठरते. किनाऱ्यावर चालत आलेला हिशोब सोपा आहे: तिथीला तीनने गुणावे आणि चाराने भागावे, येणारा आकडा हा पूर्ण भरतीचा साधारण तास होय. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि दररोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा हिशोब खाडीच्या तोंडाशी जुळतो. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. ठरलेल्या बंदराचे छापील भरतीचे वेळापत्रक हाती असेल तर अर्थातच ते प्रमाण मानावे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाणी जोरात चढते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी संथ असते. उधाणात जड शिसे लागते, भांगात हलके पुरते. म्हणजे तिथी पाहिल्याशिवाय शिशाचा डबा भरणे हे वजन उगाच वाहून नेणे आहे.

इशारा: ओहोटीत चालत जाऊन गाठलेला खडप भरतीत चहूबाजूंनी पाण्याने वेढला जाऊ शकतो. परतीची वाट पाण्याखाली जायला लागण्याची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी आणि तिच्या अर्धा तास आधी उठावे, मासा लागत असला तरीही. पावसाळ्यात, विशेषतः जून ते ऑगस्टमध्ये, उघड्या खडपावर जाऊच नये.

टप्पा २: गळ, तंगूस आणि शिसे घरीच बांधून ठेवणे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. किनाऱ्यावर, वाऱ्यात, डासांच्या झुंडीत गाठ मारायला बसणारा माणूस तीन गाठी मारतो आणि त्यातली एक सुटते.

आधी गळांचा आकार ठरवावा. गळाच्या क्रमांकात नवख्यांची नेहमी फसगत होते: साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो, म्हणजे १० क्रमांकाचा गळ ४ पेक्षा लहान, परंतु १/०, २/०, ३/० असा शून्य लागलेला आकडा वाढला की गळ मोठा होतो. काळुंदरासाठी ८ किंवा १० क्रमांक पुरतो. तांबोशी, गोब्रा किंवा जिताडा (रत्नागिरीकडे ज्याला खजुरा म्हणतात) यांच्या आशेने बसायचे असेल तर २/० ते ४/० घ्यावा. दोन आकार पुरतात. आठ आकारांचा डबा दुकानात शोभतो.

प्रत्येक गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून ओढावे. टोक नखात रुतले तर गळ धारदार आहे. नुसते घसरले तर बारीक कानशीने टोकाकडे जाणारे दोन-तीन हात द्यावेत. नव्या पाकिटातील गळही तपासावा, कारण स्वस्त गळ पाकिटातूनच बोथट निघतात.

मग जोडण्या, म्हणजे गळ, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि शिसे एकत्र बांधलेले संच, तयार कराव्यात. मुख्य दोरा साधारण ०.३५ ते ०.४० मिमी जाडीचा असेल तर गळाकडचा तंगूस ०.५० ते ०.६० मिमी घ्यावा, कारण खडपाच्या धारदार कालवांवर घासून सुटतो तो शेवटचा हातभर. मधोमध स्विवल (फिरती कडी) घातली की पीळ पडत नाही. वाम (सापासारखा लांब मासा) मिळत असेल अशा जागी गळाच्या लगत वीतभर पोलादी तार घालावी. तिचे दात तंगूस सहज कापतात. शिशाकडे जाणारा फाटा मात्र मुद्दाम मुख्य दोऱ्यापेक्षा कमकुवत ठेवावा. शिसे दगडात अडकले की हा फाटा तुटतो आणि गळ, स्विवल, दोरा व कधी कधी मासासुद्धा परत येतो. ज्या ठिकाणी हमखास अडकते तेथे शिशाऐवजी गॅरेजमध्ये टाकून दिलेला स्पार्क प्लग किंवा जुना नट बांधावा; गेला तरी खिशाला झळ बसत नाही.

गाठ कोणतीही असो, दोन गोष्टी चुकवू नयेत. वेढे पाच-सहा असावेत, आणि आवळण्याआधी गाठ ओली करावी. कोरडी आवळलेली तंगुसाची गाठ घर्षणाने तापते आणि तेथेच कच्ची राहते. आवळल्यावर शेपूट दोन मिलीमीटर ठेवून छाटावे.

बांधलेल्या जोडण्या गुंडाळण्यासाठी फोमचा तुकडा किंवा जुन्या पाइप-इन्सुलेशनची नळी उत्तम. गळ फोममध्ये टोचावा, दोरा वेढावा, शेवट टाचणीने अडकवावा. सहा जोडण्या एका सहलीला पुष्कळ होतात.

पडताळणी: प्रत्येक जोडणीचा गळ दाराच्या कडीत अडकवावा, दोरा कापडात धरून जोरात ओढावा. जी गाठ घरात सुटते ती सुटू द्यावी.

इशारा: शिशाचे फुटके मणी दातांनी दाबून बसवण्याची सवय सर्रास दिसते. शिसे विषारी आहे. मणी पक्कडीनेच दाबावेत आणि जेवणाचा डबा उघडण्याआधी हात धुवावेत.

टप्पा ३: साधनांची निवड आणि त्यांच्या तीन जागा

साधने तीन जागांत वाटावीत: गळ्यात व डोक्यावर, कमरेला, आणि पिशवीत. ज्याचा उपयोग मासा काठीवर असताना होतो ते पिशवीत कधीच जाऊ नये.

गळ्यात आणि डोक्यावर तीनच वस्तू. पहिली डोक्यावरचा टॉर्च, शक्यतो लाल उजेड असलेला, म्हणजे गाठ मारून झाल्यावर डोळ्यांना अंधाराशी पुन्हा जुळवून घ्यावे लागत नाही. तो संध्याकाळ होण्याआधीच डोक्याला लावावा. अंधार पडल्यावर टॉर्च शोधायला टॉर्च लागतो. दुसरी शिटी. तिसरी नखे कापायची कात्री, आखूड दोरीला बांधलेली. तंगुसाचे शेपूट छाटायला याहून सोयीचे साधन मला मिळालेले नाही आणि ते कोणत्याही जनरल स्टोअरमध्ये मिळते. विणीचा दोरा वापरणाऱ्यांनी मात्र लहान धारदार कात्री घ्यावी, कारण नखकात्रीत तो पिंजतो आणि तुटत नाही.

कमरेला उजव्या बाजूस लांब नाकाची पक्कड असावी, म्हणजे ज्याला हार्डवेअरचे दुकानदार नोज प्लायर म्हणतात ती. तिच्या जबड्याच्या मुळाशी तार कापायची धार असलीच पाहिजे. याचे कारण टप्पा ६ आणि ७ मध्ये येईल. पक्कडीला कमरेशी जोडणारी दोन फुटांची दोरी बांधावी. माझी पहिली पक्कड खडपाच्या फटीत गेली आणि ओहोटी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत बसलो. दुसरीला दोरी आहे. कमरेला डाव्या बाजूस एक जाड सुती फडके खोचावे, जे पाण्यात बुडवून ओले ठेवता येईल. मासा धरण्यास ओले फडके लागते, हात पुसण्यास वेगळे कोरडे. दोन्ही कामांना एकच वापरले की थोड्या वेळाने हात, काठी आणि चहाचा कप यांना एकच वास येतो.

चाकू मात्र म्यानात असावा आणि म्यान पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. मासेमारीतले चाकूचे काम आमिष कापण्याचे आणि मासा साफ करण्याचे; ते बसून करायचे असल्यामुळे चाकू अंगावर बाळगण्याची गरज नाही, आणि ओल्या खडपावर पाय घसरताना तर तो मुळीच अंगावर नको.

पिशवीत जायच्या बाकीच्या वस्तू अशा: लांब दांड्याचे हातजाळे (हे पिशवीला बाहेरून अडकवावे), आमिष ठेवायचा झाकणाचा डबा, लहान लाकडी फळी, दहा मीटर दोरी, टॉर्चच्या जादा बॅटऱ्या, झिप असलेल्या प्लास्टिक पिशवीत भ्रमणध्वनी, प्रथमोपचाराची पुडी, पिण्याचे पाणी, आणि थर्मासभर गरम पाणी. हे पाणी चहासाठी आणलेले समजून संपवू नये.

पायात घट्ट बसणारे, खरखरीत तळव्याचे बूट असावेत. रबरी चपलेने शेवाळलेल्या खडपावर उभे राहणे म्हणजे पडण्याची वेळ ठरवून घेणे होय. धक्क्याच्या कडेवर किंवा खडपावर बसणाऱ्याने लाइफ जॅकेटही घालावे. पोहता येते ही सबब खडपावर आपटणाऱ्या लाटेला कळत नाही.

पडताळणी: घरातले दिवे बंद करून एक हात पाठीमागे धरावा आणि टॉर्च, पक्कड, नखकात्री, ओले फडके या क्रमाने एकेक वस्तू काढून परत ठेवावी. ज्या वस्तूला चाचपडावे लागले तिची जागा बदलावी. ही परीक्षा हास्यास्पद वाटते; घरच्यांनी हसावे, पण ती घ्यावी.

टप्पा ४: पिशवी भरण्याचा क्रम

नियम एवढाच की जे शेवटी लागणार ते आधी भरावे. तळाशी बर्फाची पेटी किंवा बादली, तिच्यावर प्रथमोपचार सोडून बाकी कोरडे सामान, त्यावर आमिषाचा डबा आणि फळी, आणि सर्वांत वर जोडण्यांची फोमची नळी. प्रथमोपचाराची पुडी आणि थर्मास बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे सोबतच्या माणसालाही विचारल्याशिवाय सापडतील.

आमिषाचा बर्फ आणि माशांचा बर्फ वेगळा ठेवावा. जिवंत कोळंबी नेत असल्यास ती बर्फात घालू नये. खाडीच्याच पाण्याने भिजवलेल्या गोणपाटात, सावलीत, पसरून ठेवावी. बोयट माशाच्या पट्ट्या मात्र घरीच कापून, मीठ लावून, डब्यात भरून न्याव्यात. मिठाने मांस चिवट होते आणि गळावर टिकते.

टप्पा ५: जागेवर पोहोचल्यावर

पोहोचताक्षणी गळ टाकू नये. पाच-दहा मिनिटे लाटा बघाव्यात. जो दगड ओला आहे त्याच्यावर लाट येऊन गेलेली असते, मग या घडीला तो कितीही शांत दिसो. पिशवी कोरड्या रेषेच्या बऱ्याच मागे, भरती चढली तरी भिजणार नाही अशा उंचीवर ठेवावी. बंदराच्या धक्क्यावर गरवायचे असेल तर तेथील माणसांना आधी विचारावे आणि होड्यांचे दोर, उतरण्याच्या पायऱ्या मोकळ्या सोडाव्यात.

मग रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा किती ताणावर सुटेल हे ठरवणारा ब्रेक, लावावा. काठी न वापरता दोरा हाताने ओढावा. दोरा तुटायच्या खूप आधी रील सुटून फिरली पाहिजे. ड्रॅग पूर्ण आवळून ठेवणे ही नवख्याची खास चूक, आणि पहिला मोठा मासा तिचा हिशोब करतो.

इशारा: काठी डोक्यावरून मागे नेण्यापूर्वी मागे आणि वर बघावे. कार्बनची काठी वीज वाहून नेते. विजेच्या तारांखाली ती उभी धरू नये आणि गडगडाट ऐकू आला की ती खाली ठेवून दूर जावे.

अडकलेला दोरा तोडायचा असेल तर तो कधीही हाताला गुंडाळू नये. दोरा एखाद्या काठीच्या तुकड्याला किंवा फडक्यात गुंडाळलेल्या पक्कडीला दोन-तीन वेढे द्यावा, तोंड बाजूला फिरवावे आणि मागे चालत जावे. ताणलेल्या दोऱ्याच्या टोकाचे शिसे गोफणीसारखे परत येते. चष्मा घातलेला असावा तो याच क्षणासाठी.

टप्पा ६: मासा लागल्यावर

मासा जवळ आला की आधी हातजाळे पाण्यात बुडवून स्थिर धरावे आणि मासा त्याच्यावर आणावा. जाळे माशावर मारू नये. जाळ्याच्या धक्क्याने सुटलेले मासे गाठ सुटून गेलेल्या माशांपेक्षा जास्त असतील अशी माझी समजूत आहे.

मासा वर आल्यावर पहिले काम तो ओळखण्याचे, मगच हात लावण्याचे. यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

शिंगाळ्याच्या (कॅटफिशच्या) पाठीवर एक आणि छातीच्या दोन्ही परांपाशी एकेक असे तीन करवतीसारखे काटे असतात आणि त्यांना विष असते. त्याला हाताने धरू नये. त्याचा खालचा जबडा पक्कडीत धरावा किंवा ओल्या फडक्याने डोके जमिनीवर दाबून गळ काढावा. पेटीत टाकण्याआधी तिन्ही काटे पक्कडीने मुळापासून मोडावेत, नाहीतर पेटीत हात घालणारा पुढचा माणूस त्यांचा बळी ठरतो.

पाखटाच्या (स्टिंग रेच्या) शेपटीवर विषारी नांगी असते. गळ सोडवण्याचा नाद सोडून दोरा तोंडाजवळ कापावा.

केंड (पफर फिश) फुगून आला की सोपे ओळखता येते. तो खाऊ नये. त्याचे विष शिजवल्याने जात नाही. त्याचे चोचीसारखे दात बोटही कापतात, म्हणून पक्कडीनेच सोडवून पाण्यात टाकावा.

वामेला फडक्यात घट्ट गुंडाळून मगच गळाकडे वळावे, कारण ती दोऱ्याभोवतीच वेटोळे घालते.

बाकी माशांचा गळ काढताना पक्कडीने गळाचा बाक धरावा, दांडा नव्हे, आणि गळ ज्या दिशेने शिरला त्याच्या उलट दिशेने फिरवत काढावा. गळ घशात खोल गेला असेल आणि मासा सोडायचा असेल तर दोरा तोंडाशी कापून सोडावा; घशातून ओढून काढलेला गळ माशाला जगू देत नाही. लहान तांबोशी, लहान जिताडा आवर्जून सोडावेत, आणि सोडायचा मासा कोरड्या हाताने धरू नये, कारण त्याच्या अंगावरचे बुळबुळीत आवरण निघते.

ठेवायचा मासा लगेच बर्फात जावा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा बर्फ आणि समुद्राचे पाणी यांचे मिश्रण माशाला सर्व बाजूंनी भिडते आणि लवकर थंड करते. माशांच्या वजनाइतका बर्फ असा ढोबळ अंदाज ठेवावा.

टप्पा ७: इजा झाल्यास

गळ बोटात टोकाजवळच्या उलट्या काट्यापलीकडे शिरला तर तो मागे ओढू नये. पक्कडीच्या धारेने दोरा आणि बाहेर राहिलेला गळाचा भाग कापून टाकावा, जखम झाकावी आणि डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते त्यांना सांगावे. गळ डोळ्याजवळ किंवा सांध्याजवळ असेल तर बाहेरचा भाग कापण्याचाही प्रयत्न न करता तो हलणार नाही असा फडक्याने झाकावा. नवख्यांनी घरीच पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून बसवावा. एखादा मासा जास्त सुटेल, पण बोटातून गळ सहज निघेल.

शिंगाळा किंवा पाखटाचा काटा लागला तर थर्मासमधले पाणी उपयोगी येते. या विषातील प्रथिने उष्णतेने निष्प्रभ होतात, म्हणून जखमेचा भाग सहन होईल इतक्या गरम, पण ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवावा. थर्मासचे पाणी नेहमी याहून गरम असते, त्यामुळे ते थंड पाण्यात मिसळून आधी दुसऱ्या, धड हाताने तपासावे. दुखरा हात बधिर असल्यास भाजलेले कळत नाही. दुखणे कमी झाले तरी काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना हे डॉक्टरांना दाखवावे. छातीत किंवा पोटात काटा शिरला असल्यास, तसेच श्वास लागत असल्यास पाण्याचा उपाय करत न बसता थेट १०८ वर फोन करावा. कोणी पाण्यात पडल्यास मागोमाग उडी मारू नये. दहा मीटर दोरीला रिकामी, झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली बांधून फेकावी आणि ११२ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवावे.

टप्पा ८: आवरणे आणि घरी परतल्यावर

उठण्याआधी टॉर्चच्या उजेडात जागा तपासावी. कापलेला तंगूस कधीही खाडीत किंवा खडपाच्या फटीत टाकू नये. बगळे आणि खाडीतले इतर पक्षी त्यात पाय अडकवून मरतात. त्यासाठी रिकामी प्लास्टिकची बाटली पिशवीला बांधून ठेवावी आणि तोडलेला प्रत्येक तुकडा तिच्यात सरकवावा.

घरी पोहोचल्यावर पेटीतील मासे स्वयंपाकघरात गेले की बहुतेक जण पिशवी कोपऱ्यात टाकतात आणि पुढच्या महिन्यात गंजलेली पक्कड बाहेर काढतात. पक्कड, नखकात्री, चाकू आणि शिटी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पक्कडीच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा. रीलवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, तो मीठ आत ढकलतो. ड्रॅग आवळून ओल्या फडक्याने पुसावी, मग ड्रॅग पुन्हा सैल करावा.

वापरलेले गळ नव्या गळांच्या डब्यात परत टाकू नयेत. एक ओला, खारट गळ पूर्ण डबा गंजवतो. ते वेगळ्या कागदावर रात्रभर सुकवावेत, सकाळी नखावर तपासावेत, आणि गंजाचा ठिपका दिसला की टाकून द्यावेत. सामानाचा डबा झाकण उघडे ठेवून सावलीत ठेवावा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर त्या दिवशी तुटलेल्या जोडण्या, गेलेली शिसी आणि संपलेल्या बॅटऱ्या लिहून ठेवाव्यात.